रिकामी पुंगळी परत भरता येते का?



शनिवारची सकाळची शाळा होती. आठवीच्या वर्गात १८५७ च्या उठावाचा पाठ चालला होता. नव्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसाचं आवरण दातांनी तोडावं लागे, त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली, वगैरे मी सांगत होते. मागच्या बाकावरून हात वर आला. "बाई, पितळ दातांनी कसं तोडणार?"

"काडतूस पितळेचं असतं हे तुला कुणी सांगितलं?"

मुलाने कंपासपेटी उघडली आणि एक पिवळी पुंगळी बाहेर काढली. मामाच्या गावाजवळच्या रानात सापडली म्हणाला. मी पुढे जाईपर्यंत त्याने ती ओठांना लावून शिट्टीही वाजवून दाखवली. वर्ग खूश! मी मात्र घाबरले. पुंगळी ताब्यात घेतली, त्याला साबणाने हात आणि तोंड धुवायला पाठवलं. परत आल्यावर त्याने दुसरा प्रश्न टाकला. "बाई, ही रिकामी आहे ना? मग परत भरता येते का?"

"नाही" म्हणून गप्प बसवणं सोपं होतं. पण "का नाही?" याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. आपल्या डी.एड.ला हा विषय कुठे होता! मग मी वाचलं. एका विद्यार्थिनीचे वडील अंबरनाथ एमआयडीसीत लेथ चालवतात, त्यांना विचारलं. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांशीही बोलले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या मुलांना हा विषय परका नाही. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर उभं राहिलं, आजही पत्त्यात 'कॅम्प नंबर' लिहावा लागतो. अंबरनाथमध्ये तर कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी फॅक्टरीत नोकरीला होतं.

आधी दातांचा प्रश्न

मुलाची शंका बरोबर होती. पितळ दातांनी तुटणार नाही. १८५७ चं काडतूस कागदाचं होतं. कागदाच्या नळीत मोजलेली दारू आणि शिशाची गोळी गुंडाळलेली असे. शिपाई कागद दातांनी फाडायचा, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायचा आणि गोळी गजाने ठासायचा.

दहाएक वर्षांतच हे बदललं. बंदूक मागच्या बाजूने भरायची सोय झाली आणि दारू, गोळी व ठिणगी या तिन्ही गोष्टी एकाच धातूच्या नळीत आल्या. एडवर्ड बॉक्सर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात असं काडतूस तयार केलं. तेव्हा पातळ पितळी पत्रा गुंडाळून नळी करत. पुढे अखंड पितळेची ओढून काढलेली नळी आली. ती आजपर्यंत चालू आहे.

वर्गात हे सांगितलं की मुलांच्या डोळ्यांसमोरचं चित्र दुरुस्त होतं. नाहीतर 'काडतूस' म्हटलं की त्यांना सिनेमातली पितळी गोळीच दिसते आणि पाठातला 'दात' हा शब्द हवेत राहतो.

काडतुसाचे चार भाग

फळ्यावर काडतूस आडवं काढा आणि चार नावं द्या.

पहिला भाग गोळी. उडून जाते ती हीच.

दुसरा भाग दारू. ती जळून वायू तयार होतो आणि तो गोळीला ढकलतो.

तिसरा भाग प्रायमर. मुलांना सांगा, दिवाळीतल्या पिस्तुलाच्या टिकलीचा हा मोठा भाऊ. पुंगळीच्या बुडाशी मधोमध एक खळगा असतो, त्यात ही छोटी वाटी घट्ट बसवलेली असते. बंदुकीची सुई तिच्यावर आपटते, आतलं रसायन पेटतं आणि ज्योत बारीक भोकातून दारूपर्यंत जाते.

चौथा भाग पुंगळी, म्हणजे हे सगळं एकत्र धरणारं भांडं. गोळी सुटल्यावर उरते ती हीच, आणि तिच्या बुडाशी ठोकलेली टिकली.

एनसीसीत गेलेली मुलं .२२ ची पुंगळी ओळखतात. तिला मधली टिकली नसते. ठिणगीचं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि सुई कडेवर आपटते. कड एकदा चेपली की पुंगळीचं आयुष्य संपलं. आपला प्रश्न उरतो तो मधोमध टिकली असलेल्या पुंगळीपुरता.

आता दाबाचा अंदाज द्या. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. लष्करी रायफलीच्या पुंगळीत तो क्षणभर सुमारे ४,००० पट होतो. त्या क्षणी पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या पोलादी भिंतीला चिकटते, त्यामुळे वायू मागे गळत नाही. लगेच ती थोडी आक्रसते, म्हणून बाहेर निघते. फुगायचं पण फाटायचं नाही, आणि परत आक्रसायचं, ही कसरत पितळेला चांगली जमते.

कपापासून पुंगळीपर्यंत

हे पितळही ठरावीक असतं. सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. जगभर त्याला 'काडतुसाचं पितळ' असंच नाव पडलंय.

अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी हा मुळात धातूकामाचा कारखाना. पुंगळ्यांसाठी लागणारे पितळी कप तिथे तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यात अंबरनाथची फॅक्टरी 'यंत्र इंडिया लिमिटेड'कडे गेली. काडतुसं भरायचं काम मात्र दुसरीकडे चालतं. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा आहे. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' किंवा 'ओएफव्ही' अशी रोमन अक्षरं दिसली तर ती याच दोन ठिकाणांची खूण.

कप म्हणजे जाड पत्र्यातून चकती कापून तिला दिलेला वाटीचा आकार. ही वाटी दट्ट्याने साच्यातून ढकलली की भिंत पातळ आणि उंच होते. असं एका दमात होत नाही, टप्प्याटप्प्याने ओढावं लागतं. आजोबांनी मला सांगितलेली गोष्ट इथे महत्त्वाची. "प्रत्येक ओढीनंतर पितळ हट्टाला पेटतं. भट्टीत घालून त्याची समजूत काढावी लागते. तशीच पुढची ओढ दिली तर फाटणार."

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथले तांबट हेच हाताने करतात. हंडा ठोकताना तांबं कडक होतं, मग ते तापवतात आणि पुन्हा ठोकायला घेतात. ठोकलं की कडक, तापवलं की मऊ. सगळ्या लेखाचा कणा एवढाच आहे, तो मुलांच्या हाताला कळायला हवा.

तारेचा प्रयोग

जुन्या वायरिंगमधली जाड, एकेरी तांब्याची तार घ्या. वीतभर पुरे. प्लास्टिकचं वेष्टण सोलून काढा. जाळून काढू नका, तो धूर विषारी असतो.

१. मुलांना तार बोटांनी वाकवायला सांगा. सहज वाकते.

२. ती सरळ करून पुन्हा त्याच जागी वाकवायला सांगा. आता ती जागा ऐकत नाही, बाक शेजारी पडतो. ठोकलं काय किंवा वाकवलं काय, तांबं कडक होतं.

३. शिक्षकाने स्वतः पकडीत धरून ती जागा गॅसच्या ज्योतीत लालसर होईपर्यंत तापवावी आणि पाण्यात बुडवावी. पोलाद असं थंड केलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं.

४. पुन्हा वाकवा. तार पहिल्यासारखी मऊ झालेली असते.

५. दुसरी तार न तापवता एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहा आणि वेळा मोजा. शेवटी तुकडा पडतो.

हा प्रयोग तारेवरच करायचा. पुंगळीवर कधीही नाही.

पुंगळीला हे दोन्ही गुण एकाच अंगात लागतात. बूड कडक हवं, कारण टिकली तिथे धरून ठेवायची असते. तोंड मऊ हवं, कारण तिथे फुगायचं असतं. म्हणून कारखान्यात तोंडाकडचा भाग शेवटी वेगळा तापवतात. लष्करी पुंगळीच्या गळ्याशी निळसर-तपकिरी झाक दिसते ती या तापवण्याची. मुलांना वाटतं की ते दारूच्या धुराचे डाग आहेत.

टिकलीभोवतीचं कडं

त्या मुलाच्या पुंगळीवर मला आणखी एक गोष्ट दिसली. टिकलीभोवती पितळात गोल खोलगट कडं उमटलेलं होतं. काही पुंगळ्यांवर पूर्ण कड्याऐवजी तीन-चार ठिकाणी ठोकल्याच्या खुणा असतात.

खोक्यात खिळ्याने पत्रा बसवल्यावर आपण खिळ्याचं टोक वाकवून ठोकतो ना, तोच विचार इथे आहे. टिकली खळग्यात दाबून बसवली की खळग्याचा काठ ठोकून किंचित आत सरकवतात. मशीनगनसारखं हत्यार मिनिटाला शेकडो गोळ्या झाडतं. झटक्याने एखादी टिकली सुटून आतल्या यंत्रात पडली तर हत्यार अडकतं, आणि ऐन लढाईत अडकलेलं हत्यार म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून लष्करी काडतुसात टिकली अशी डांबून ठेवतात.

थोडक्यात, ही पुंगळी एकदाच वापरायची या हिशेबाने बनवलेली असते. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या कड्यातच आहे.

परत भरायची म्हटलं तर

अमेरिकेसारख्या काही देशांत नेमबाज लोक कायद्याच्या चौकटीत वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. तिथेही लष्करी पुंगळी आली की याच कड्याशी गाडं अडतं. जुनी टिकली काढली तरी आत वळलेला काठ तसाच राहतो. नवी टिकली त्यावर अडते. जोर लावला तर ती चेपते आणि चेपताना पेटूही शकते. शेवटी ती टिकलीच आहे, दाबाला पेटणं हाच तिचा धर्म.

म्हणून आधी काठ घालवावा लागतो. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, कडक पोलादी दांड्याने काठ मागे ढकलायचा. दोन, धारदार हत्याराने तो खरवडून काढायचा. आमच्या लेथवाल्या पालकांना हे सांगितलं तर ते हसले. "ढकललेलं पितळ जागेवरच असतं बाई. कापलेलं परत येत नाही." खरवडताना केसभर जास्त गेलं तर खळगा सैल होतो, टिकली घट्ट बसत नाही आणि झाडताना वायू मागच्या बाजूने फुटतो. मागच्या बाजूला झाडणाऱ्याचा चेहरा असतो.

शिवाय प्रत्येक पुंगळीची टिकली एकाच पद्धतीची नसते. बॉक्सरच्या पद्धतीत खळग्याच्या मध्यभागी एक भोक असतं. अमेरिकन हायरम बर्डन याच्या पद्धतीत मध्ये एक उंचवटा आणि शेजारी बारीक भोकं असतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

एवढं करून काठ गेला तरी पितळ जुनंच. एकदा फुगलेलं, आक्रसलेलं, कुठे ताणलेलं, कुठे पातळ झालेलं. आपल्या तारेसारखं त्यानेही एक वाक सोसलेला असतो. पुढच्या कितव्या वाकाला तुकडा पडेल हे बाहेरून दिसत नाही.

तबेला आणि पावसाळा

न दिसणारा ताण काय करतो याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश काळात भारतात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. कुणी झाडलेल्या नाहीत, आपटलेल्या नाहीत, तरी गळ्याला भेगा! ठरावीक मोसमात होतं म्हणून इंग्रजांनी त्याला 'मोसमी तडकणं' असंच नाव ठेवलं.

१९२१ मध्ये याचा खुलासा छापून आला. साठे घोड्यांच्या तबेल्यांजवळ असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया वायू निघतो. पावसाळ्यातली दमट हवा, अमोनिया आणि ओढकामामुळे पितळात साठून राहिलेला ताण, हे तिघं एकत्र आले की पितळ तडकतं. उपायही मिळाला. शेवटी पुंगळी हलकीशी तापवायची, म्हणजे साठलेला ताण निघून जातो.

विज्ञानाच्या तासाला मी ही गोष्ट हमखास सांगते. वरून धड दिसणाऱ्या वस्तूच्या आत ताण साठलेला असू शकतो, हे याहून सोप्या भाषेत सांगता येत नाही.

एका मुलीने विचारलं, "चिंचेने घासली तर नवी होईल का?" आपण घरी पितळेची समई चिंच-मीठ लावून घासतो, तेव्हा वरचा काळा थर आंबटाने विरघळतो आणि समई लखलखते. पण चकाकी आली म्हणून ताकद येत नाही. उलट आंबट फार वेळ राहिलं तर जस्त आधी निघून जातं आणि गुलाबी डाग पडतात. पुंगळी चकचकीत असणं आणि सुरक्षित असणं यांचा काही संबंध नाही.

घरी आणि शाळेत काय सांगायचं?

आता मूळ काळजीकडे येते.

पहिली गोष्ट शिट्टीची. बहुतेक टिकल्यांच्या रसायनात शिसं असतं. झाडल्यावर त्याची पूड पुंगळीत राहते. मूल तोंड लावतं तेव्हा ती पोटात जाते. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा मार मुलांच्या वाढत्या मेंदूवर बसतो. म्हणून पुंगळीची शिट्टी नाही, गळ्यातला ताईत नाही, किचेन नाही.

दुसरी गोष्ट 'रिकामी' या शब्दाची. टिकलीवर खड्डा पडलाय म्हणजे काडतूस रिकामं, असं मुलांना वाटतं. पण सुई आपटूनही न उडालेल्या काडतुसावर तसाच खड्डा असतो आणि आत दारू भरलेली असते. पुढे गोळी दिसत असेल तर खड्डा बघायचाही नाही. उचलायचं नाही, आपटायचं नाही, दगडाने ठोकायचं नाही, विस्तवात टाकायचं नाही. जागा लक्षात ठेवायची, मोठ्या माणसाला सांगायचं, मोठ्यांनी ११२ वर फोन करायचा. लष्करी सरावाच्या रानात तर जायचंच नाही. तिथे पुंगळीशेजारी न फुटलेला गोळाही असू शकतो.

तिसरी गोष्ट भंगाराची. पितळेला भाव चांगला, त्यामुळे सापडलेलं विकायचा मोह होतो. २००४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या साहिबाबादला एका कारखान्यात भंगारातून आलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन कामगार दगावले. ज्यांची घरं भंगाराच्या धंद्यावर चालतात अशी मुलं आपल्या वर्गात आहेत. त्यांना हे लाजवून सांगू नका, कामातली खबरदारी म्हणून सांगा.

चौथी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. घरी पुंगळी भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणंच. पोलीस आणि लष्कर सरावानंतर पुंगळ्या मोजून परत घेतात ते उगाच नाही. कुणी आठवण म्हणून घरात ठेवली असेल तर ती मुलाच्या दप्तरात किंवा विमानप्रवासाच्या सामानात जाता कामा नये.

शेवटी

त्या दिवशीची पुंगळी मी मुख्याध्यापकांकडे दिली, मुलाच्या वडिलांना बोलावलं आणि तिघांनी मिळून ती पोलीस ठाण्यात जमा केली. मुलाला शिक्षा केली नाही. त्याने विचारलं म्हणून तर आपल्याला कळलं. ओरडले असते तर पुढची पुंगळी दप्तरात आणखी खाली गेली असती.

पुढच्या शनिवारी तारेचा प्रयोग केला. त्याची तार अकराव्या वाकाला तुटली. दोन्ही तुकडे हातात धरून तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, दहाव्यापर्यंत काहीच दिसत नव्हतं."

मी म्हटलं, "हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर."

तुमच्या वर्गातही हा प्रयोग करून बघा. आणि पालकहो, आज मुलाची कंपासपेटी एकदा त्याच्यासोबत उघडा. झडती म्हणून नको, काय काय गोळा केलंय ते गंमत म्हणून दाखवायला सांगा.